तीन फ्रेम जास्त

आमच्या भाचीचं टिचकी हे नाव मीच पाडलं. चार-पाच वर्षांची होती तेव्हा आम्ही एक खेळ खेळायचो. ती हात पुढे करायची आणि समोरच्याने त्यावर चापट मारायची. हात मागे घ्यायचा तो चापट पडायच्या आत. मी, तिचा बाप म्हणजे माझा भाऊ, वरच्या मजल्यावरचे काका, सगळे ओळीने बसायचो आणि सगळ्यांच्या चापट्या आपापल्याच मांडीवर पडायच्या. वर कार्टी चापट चुकवून आमच्याच मनगटावर टिचकी मारून जायची. काका तर एकदा इतके चिडले, की चहा न पिताच घरी गेले.

आता टिचकी एकतीस वर्षांची आहे आणि चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मागच्या अंगाला एक अंधारी खोली आहे, त्यात उंच खुर्ची. समोर अक्षरांचा तक्ता, आणि हातात ते गोल भिंगांचं यंत्र. दिवसभर एकच प्रश्न विचारते, "आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं?" चाळीस माणसांना चाळीसदा. मी तिला स्थळं दाखवून दमले तेव्हा म्हटलं, "अगं, लोकांना विचारतेस तसं स्वतःला तरी विचार, हा बरा की आधीचा बरा?" तर म्हणते, "आत्या, दोन्ही धूसर."

अशी आहे ती. पण मी सांगतेय ते तिच्या संध्याकाळचं.

संध्याकाळी सहाला दुकान बंद झालं की ती आमच्याकडे यायची. आमच्या वरच्या खोलीत पाच टेबलं, पाच कॉम्प्युटर आणि वायरींचं असं जंगल, की झाडू मारायला गेले की झाडूच अडकून पडायचा. पाच जणांचा संघ होता त्यांचा, टिचकी, माझा मुलगा, दोन जुळे भाऊ आणि त्या जुळ्यांना शाळेत शिकवलेले मास्तर. बंदुकीचा खेळ, पाच विरुद्ध पाच, कॉम्प्युटरवर. मोठमोठ्या स्पर्धा असतात याच्या, हॉलमध्ये खुर्च्या मांडून लोक बघायला बसतात. मला आधी वाटायचं, पोरं वेळ घालवतात. मग एकदा बघायला गेले आणि टिचकीने कोपऱ्यातून बाहेर आलेल्या तिघांना माझी पापणी लवायच्या आत खाली पाडलं तेव्हा मीच खुर्चीवर उभी राहिले. मागच्या माणसाने पदर ओढून बसवलं.

संघाचा कप्तान माझा मुलगा. टिचकीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, तिचा दादा. बँकेच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो. खेळतो बेताचा, आई आहे म्हणून लपवत नाही. पण पाचही मशिनं तो अशी लावायचा की काय सांगू! कोणाच्या पडद्यावर चित्र अडखळलं, मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसलं, की हा शेजारच्या टेबलावरून मान न वळवता सांगायचा, "तुझं फाटतंय." एकदा स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाचही जणांनी आपापल्या सेटिंगमध्ये बोटं घातली आणि सकाळी दोन मशिनं उघडेचनात. तेव्हापासून खोलीत नियम झाला. सेटिंगला हात फक्त कप्तानाचा. दारावर कागद चिकटवला होता त्याने, मोठ्या अक्षरात. सगळ्यांनी मान्य केला. टिचकीने तर आनंदाने. म्हणाली, "बरं झालं, मला खेळू द्या नुसतं."

त्याने मलाही एकदा समजावलं होतं हे सगळं, भाजी निवडता निवडता. मला कळलं म्हणजे कोणालाही कळेल, म्हणून सांगते.

"आई, पडदा म्हणजे एक दार समज," तो म्हणाला. "ते सेकंदाला एकशेचव्वेचाळीस वेळा उघडतं. दर वेळी एक चित्र आत घ्यायचं. चित्रं तयार करून पाठवतं ते कॉम्प्युटरचं कार्ड. एका चित्राला म्हणायचं फ्रेम."

"बरं."

"आता कार्ड दांडगं असलं आणि चित्रं भराभर पाठवायला लागलं तर? दार तर ठरल्या वेळीच उघडणार. चित्र दारात अर्धं अडकलं तर पडद्यावर फाटलेलं दिसतं. ते होऊ नये म्हणून एक खटका असतो, व्ही-सिंक. तो चालू केला की चित्रं दाराबाहेर रांगेत उभी राहतात."

"मग चांगलंच की. रांगेत उभं राहावं माणसाने."

"अगं, पण रांगेत उभं राहून आत जातं ते चित्र मघाचंच असतं ना! माऊस हलवला आत्ता, दिसणार थोड्या वेळाने."

"म्हणजे शिळं चित्र."

"शिळं! बरोब्बर." भारी खूश झाला होता. "म्हणून मी खटका बंद ठेवतो आणि कार्डाला सांगतो, एकशेचव्वेचाळीस नाही, एकशेएक्केचाळीसच पाठव. तीन कमी. आपल्या पडद्यांना सोय आहे, चित्र जरा उशिरा आलं तर दार थांबतं. दार मग चित्राची वाट बघतं, चित्र दाराची नाही. रांगच लागत नाही. फाटतही नाही आणि शिळंही नाही. लोक मोठ्या आकड्याच्या मागे लागतात आई, पण गंमत त्या तीन कमीत आहे."

हे त्याचे शब्द. माझ्या स्वयंपाकघरात बसून बोललेला. विसरले असते तर बरं झालं असतं.

तर झालं असं, की एका मोठ्या क्लबचं टिचकीला पत्र आलं. त्यांच्या संघात एक जागा रिकामी होती. त्यांनी हिचे सामने पाहिले होते, दीड महिन्याने निवडीला बोलावलं होतं. चार जण येणार, एक घेणार. त्या क्लबात गेलं म्हणजे हाच दिवसभराचा धंदा, शहरोशहरी स्पर्धा. या खेळात एकतीस म्हणजे आजीबाई, पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिने पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या कप्तानाने तिला उचलून गोल फिरवलं. "आमची टिचकी! बघाच आता!" मी दोघांची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

त्याच आठवड्यात त्याने तिचं मशीन उघडून साफ केलं. धूळ काढली, काय काय नवीन घातलं आणि म्हणाला, "घे, निवडीसाठी माझ्याकडून भेट. तीन फ्रेम वाढवल्यात तुझ्या."

तिने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. एकशेचव्वेचाळीस. "अरे, पण तूच म्हणायचास ना तीन कमी ठेवायचे?"

"ते कार्डाच्या जुन्या ड्रायव्हरला, कार्ड चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रामला. नवीन ड्रायव्हर आलाय, आता ती जागा सोडावी लागत नाही."

ती म्हणाली, "थँक्यू दादा." चित्रही लोण्यासारखं दिसत होतं, कुठे फाटत नाही, कुठे अडखळत नाही. मीही बघितलं.

आणि तिथून टिचकीचे नेम चुकायला लागले.

फार नाही, केसभर. समोरचा कोपऱ्यातून डोकावतो, ही मारते आणि गोळी भिंतीत. पहिल्या आठवड्यात हसली. "आत्या, तुझ्या चहात काहीतरी गडबड आहे." दुसऱ्या आठवड्यात हसणं बंद झालं. स्वतःच्याच दुकानातल्या खुर्चीवर बसून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, "तुमचे डोळे मला द्या." मग तिला वाटलं, हात. हाताच्या डॉक्टरकडे गेली. तोही म्हणाला ठीक आहे. तिचा विश्वास बसला नाही. मनगटाला पट्टा बांधला. आमच्या कप्तानाने गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि रोज ती आली की तोच पाणी तापवून भरून द्यायचा. ती दहा मिनिटं बोटं शेकायची, मग खेळायला बसायची, मग हरायची.

"होतं गं," तो म्हणायचा. "तिशीनंतर होतंच. हात दहा-वीस मिलिसेकंद मागे पडतात. तुझा दोष नाही त्यात."

मलाही म्हणाला, "आई, तू जरा समजाव तिला. निवडीला जाऊन तोंडघशी पडेल. चार लोकांत शोभा होईल. त्यापेक्षा इथे आपल्यात खेळावं, मजेत."

आणि मी समजावलं. माझी पद्धत तुम्हाला कळलीच असेल. मी तिची थट्टा केली. "काय आजीबाई, काठी देऊ का? माऊस दिसतो ना नीट?" तिला हसवायला म्हणून. ती हसली नाही. बोटं शेकत बसली. मला वाटलं, थट्टा मुरायला वेळ लागतो.

पाचव्या आठवड्यात तिने क्लबला पाठवायचा मजकूर लिहून काढला. हात साथ देत नाहीत, येऊ शकत नाही, माफ करा. फोनवर लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. रविवारी दुपारी लवकर आली, म्हणाली, "आज शेवटचं बसते. मग पाठवते." वर गेली तर तिचा हेडफोन एका कानाने बंद. बाकीचे अजून यायचे होते. कप्तान बाजारात गेला होता. मग ती त्याच्या मशिनवर बसली.

मी चहा घेऊन वर गेले तेव्हा खोलीत नुसता टक-टक-टक आवाज. सरावाच्या पडद्यावर माणसं इकडून तिकडे पळत होती आणि ही एकेकाला लोळवत होती. एकही सुटत नव्हता. मी कपबशी धरून उभीच राहिले. मग ती एकदम थांबली. कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बसली.

"आत्या, हा आकडा वाच."

"एकशेएक्केचाळीस."

ती उठली. जुळ्या भावांची दोन मशिनं, त्यांच्या मास्तरांचं एक. तिन्ही चालू केली, तिन्हींवर खेळ उघडला. एकशेएक्केचाळीस. एकशेएक्केचाळीस. एकशेएक्केचाळीस. मग स्वतःचं. एकशेचव्वेचाळीस.

"चहा गार होईल," मी म्हटलं. मला कळलं होतं, म्हणूनच असं काहीतरी बोलले.

तिने दारावरच्या नियमाकडे एकदा पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मशिनची सेटिंग उघडली. खटका चालू होता. खाली आकडा लिहायची जागा रिकामी.

"असेल की काहीतरी," ती म्हणाली. "नवीन ड्रायव्हर आहे. दादाला जास्त कळतं. मला नुसता भास होत असेल. चल, तपासू."

"मी? मला टीव्हीचा रिमोट येत नाही!"

"तुला येणारच नाही म्हणून तूच."

आणि तिने काय केलं माहितेय? रोज लोकांचे डोळे तपासते ना, तसंच केलं. कोपऱ्यातल्या आकड्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. मला एका चिठ्ठीवर लिहून दिलं. 'अ' म्हणजे खटका बंद, खाली १४१. 'ब' म्हणजे खटका चालू, खाली काही नाही. कुठे दाबायचं ते बोट ठेवून दाखवलं. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी मनाला येईल ते लावायचं, खेळ बंद करून पुन्हा उघडायचा आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही हे माझ्यासारखीला सांगणं म्हणजे! पदर लावून बसले तोंडाला.

ती यायची, अर्धा मिनिट माऊस हलवायची आणि सांगायची, "ब." पुन्हा भिंतीकडे. "अ." "अ." "ब." एकदा मी मुद्दाम लागोपाठ चार वेळा 'ब'च ठेवलं, म्हटलं फसेल. "ब," ती म्हणाली, "पुन्हा ब. आत्या, चालूपणा करतेस का? पुन्हा ब." बारा वेळा केलं. बारापैकी बारा बरोबर.

शेवटच्या वेळी मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. ती खुर्चीत बसून राहिली. मनगटावरचा पट्टा सोडायला लागली, तो सुटेना. मी सोडवून दिला.

"माझे हात चांगले आहेत, आत्या," ती म्हणाली. आनंदाने म्हणावी अशी गोष्ट होती ती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कप्तान आला तो पिशव्या घेऊन, जिन्यातूनच बोलत. "आज लवकर आलीस? थांब, पाणी तापवतो."

"नको," ती म्हणाली. "दादा, नवीन ड्रायव्हर फक्त माझ्यासाठीच आला होता का?"

त्याने मशिनांकडे पाहिलं. चार एकशेएक्केचाळीस समोरच होते. पिशवी खाली ठेवली.

"अगं, ते मी... तुझ्या मशिनवर जरा करून बघत होतो."

"काय करून बघत होतास?"

"दाखवतो तुला. तसा फार फरक पडत नाही त्याने, वीसेक मिलिसेकंद–"

"दहा-वीस. तूच म्हणालास. माझे हात मागे पडलेत म्हणालास तेव्हा हाच आकडा सांगितलास."

तो एकदम बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. "तू गेली असतीस! नऊ वर्षं बांधला हा संघ. तू गेलीस की राहिलं काय? जुळे सोडून देणार, मास्तर सोडून देणार. मी कोणाला घेऊन खेळू? चार जणांचा संघ होतो का? मला वाटलं, ही निवड एवढी टळली की मी पुन्हा होतं तसं करून ठेवीन. कळलंही नसतं तुला."

"हो, कळलं नसतं. मी जन्मभर समजले असते माझेच हात गेले म्हणून."

"असं नव्हतं मनात माझ्या."

"तू पाणी तापवत होतास, दादा." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सेटिंग केलंस ते सोड. रोज माझ्यासाठी पाणी तापवत होतास. मी बोटं शेकत होते आणि तू बघत होतास."

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी काही फोडलं की बघायचा तसं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. मलाही वापरलंस तू. माझ्या तोंडून तिला आजीबाई म्हणवलंस."

"आई, तू नेहमीच थट्टा करतेस."

"करते. पण ती माझी असते. ही तुझी होती."

टिचकीने फोनवरचा तो मजकूर पुसून टाकला.

निवडीला दहा दिवस होते. ते दहा दिवस तिने मशीन दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन भाड्याच्या मॉनिटरवर सराव केला. दुकानाच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीच जागा दिली. निवडीच्या दिवशी मी सोबत गेले. मोठा हॉल, गार हवा, ओळीने मॉनिटर. प्रत्येकाला आपापली सेटिंग लावायला अर्धा तास दिला होता. बाकी तिघांबरोबर कोणी ना कोणी आलं होतं लावून द्यायला. हिने स्वतः लावली. मी पर्स धरून मागे बसले.

आणि ती पुन्हा चुकली.

मला काही कळेना. खटका बंद होता, आकडा बरोबर होता. पण ती घाई करत होती. समोरचा दिसायच्या आधीच मारत होती. त्या पाच आठवड्यांत शिळ्या चित्राशी खेळता खेळता हात शिकले होते, की मारायचं ते थोडं आधीच मारायचं. आता चित्र ताजं होतं आणि हात अजून ती भरपाई करत होते. दहा दिवस पुरले नव्हते. दुसऱ्या डावात सावरली, छान खेळली, शेवटच्या तिघांना तर जुन्या टिचकीसारखं उडवलं. पण पहिला डाव गेला तो गेला.

क्लबच्या प्रशिक्षिका चांगल्या होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "हात फार सुंदर आहे तुमचा. पण अंदाजाने मारता. बघून मारत जा." आणि एका एकोणीस वर्षांच्या मुलाला घेतलं.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "अगं, सांगायचं नाहीस का त्यांना? असं असं झालं म्हणून? दुसरी संधी दिली असती."

"काय सांगू? माझ्या दादाने केलं म्हणून?" ती खिडकीबाहेर बघत होती. "तोंडाशी आलं होतं. त्याचं नाव घ्यायला जीभ वळली नाही. आणि राग आला तो त्याचाच आला, की इथेही मलाच त्याला सांभाळावं लागतंय."

मी बाकीचा रस्ता बोलले नाही. बस थांबली तेव्हा कंडक्टरनेच विचारलं, "मावशी, तब्येत बरी ना?"

पुढच्या रविवारी ती तिचं उरलेलं सामान न्यायला आली. टेबल, खुर्ची, मॉनिटर. हेडफोनही घेतला, बंद पडलेला. जुळे आले होते, भिंतीला टेकून उभे. आमचा कप्तान पुढे झाला. टेबलाचं एक टोक त्याने उचललं, दुसरं तिने, आणि दोघांनी मिळून ते जिन्यावरून खाली नेलं. वळणावर तो म्हणाला, "सावकाश, पाय बघ." ती म्हणाली, "बघतेय." एवढंच बोलणं झालं.

टेम्पोत टेबल चढवून तो पुन्हा वर आला आणि मॉनिटरकडे हात केला. तिने तो आधीच उचलला होता, दोन्ही हातांनी उराशी धरून.

"दे, मी नेतो."

"नको."

"बरं, पोचलीस की येऊन जोडून देतो. वायरी उलटसुलट होतात."

"येतं मला जोडता, दादा."

त्याने बाजूला होऊन वाट दिली. ती मॉनिटर घेऊन एकेक पायरी उतरत गेली. मी पुढे जाऊन तिच्यासाठी खालचं दार उघडून धरलं.